पेठांतील रस्ते आणि पायी चालणारा नागरिक

कोणत्याही नगराची योग्यता केवळ त्यातील इमारतींच्या उंचीवरून वा उड्डाणपुलांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. सत्तरी ओलांडलेली एखादी वृद्धा हातात भाजीची पिशवी घेऊन, कोणाचा हात न धरता आणि कोणाचे बोलणे न खाता, मंडईपासून आपल्या घरापर्यंत चालत जाऊ शकते की नाही, या एका साध्या प्रश्नाच्या उत्तरात त्या नगराच्या सुसंस्कृतपणाची पुरती परीक्षा होऊन जाते. पुणे शहर आज या परीक्षेस बसले, तर निकाल काय लागेल हे सांगण्यास परीक्षकाची गरज नाही. मंडईतून निघालेल्या त्या वृद्धेस पदपथावर चढण्यासाठी आधी गुडघाभर पायरी चढावी लागेल. चढल्यावर उभ्या केलेल्या दुचाकी, विजेच्या पेट्या, दुकानाबाहेर मांडलेला माल, कोठे उखडलेले गट्टू तर कोठे टाकलेला राडारोडा यांतून वाट काढावी लागेल. आणि अखेरीस हार मानून तिला वाहनांच्या प्रवाहातच उतरावे लागेल. तेथे तिच्या पाठीशी भोंगा वाजेल आणि ‘आजी, बाजूने चाला’ असा उपदेशही तिच्याच पदरी पडेल. ती बाजू कोठे शिल्लक उरली आहे, हे मात्र तिला कोणी सांगणार नाही.

ही स्थिती अटळ आहे असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. तथापि याच शहराला रस्ता पायांसाठी मोकळा कसा करावा हे उत्तम प्रकारे ठाऊक आहे, याचा पुरावा दरवर्षी मिळतो. ज्येष्ठ महिन्यात आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात येते, भवानी पेठेत आणि नाना पेठेत त्यांचा मुक्काम पडतो, आणि लक्षावधी वारकऱ्यांच्या पावलांसाठी शहर आपली वाहने निमूटपणे बाजूस घेते. गणेशोत्सवाच्या अखेरीस मंडईपासून निघणारी विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे जाते. अलीकडच्या वर्षांत ती चोवीस तासांहून अधिक काळ चालत आली आहे. त्या काळात लक्ष्मी रस्त्यावर एकही खासगी मोटार नसते, म्हणून शहर बुडाले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. पाहुण्या वारकऱ्याच्या पायांना आपण वंदन करतो, आणि घरच्या माणसाच्या पायांना मात्र चालण्यापुरती जागा देत नाही. भक्तीसाठी जे आपणास साधते ते नागरिकांच्या नित्याच्या सोयीसाठी का साधू नये?

पेठांची रचनाच मुळी चालणाऱ्यासाठी झालेली आहे. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचे अंतर एक किलोमीटरच्या आसपास भरेल. तेवढ्या टापूत लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, ग्रंथालये, शाळा, खाणावळी, कापडाची व भांड्यांची दुकाने असा एक संपूर्ण संसार सामावलेला आहे. वाड्यातून बोळात, बोळातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून चौकात असा या वस्तीचा ओघ होता. नवीन नगरे वसविणारे स्थापत्यविशारद आज ज्या गुणांची वाखाणणी करतात, म्हणजे घराजवळ बाजार, बाजाराजवळ शाळा आणि शाळेजवळ देऊळ वा बाग, ते सर्व गुण आपल्या पेठांना वारशाने लाभलेले आहेत.

आणि या रस्त्यांना आणखीही एक वारसा आहे. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले याच पेठांतून चालत शिकवावयास जात. त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, तरी त्यांनी चालणे थांबविले नाही. स्त्रीने सार्वजनिक रस्त्यावरून ताठ मानेने चालावे, हा हक्क या शहरात फुकट मिळालेला नाही. तो कोणीतरी अपमान सोसून मिळविलेला आहे. पुढे १८८४ मध्ये स्थापन झालेली हुजूरपागा शाळा लक्ष्मी रस्त्याला लागूनच आहे. ज्या नगरात मुलींच्या शिक्षणाची वाट अशी पायांनी तुडवून तयार झाली, त्या नगरात शाळा सुटल्यावर विद्यार्थिनींना दुचाकींच्या रांगांतून अंग चोरून निघावे लागावे, ही गोष्ट भूषणावह खचितच नाही.

हे घडले कसे? पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे सायकलीची जागा स्कूटरने, स्कूटरची मोटारसायकलने आणि तिच्या जोडीस मोटारीने घेतली. २०१८ च्या मार्चअखेर शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली होती, आणि ती शहराच्या लोकसंख्येहून अधिक असल्याची चर्चा त्या वेळी झाली होती. बसची व्यवस्था अपुरी राहिली, म्हणून लोकांनी वाहने घेतली. वाहने वाढली, म्हणून रस्ते रुंद केले. रस्ते रुंद करताना पदपथ अरुंद झाले. आणि चालणे धोक्याचे झाले, म्हणून चालणाऱ्यांनीही वाहने घेतली. या दुष्टचक्रात प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतला, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज होऊन शहर वेडेपणापर्यंत येऊन ठेपले.

या वेडेपणाची किंमत पैशांतच मोजावयाची असती, तर आम्ही एवढा कंठशोष केला नसता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दररोज सुमारे ९० माणसे. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर भरलेले दोन वर्ग, रोज. यांतील पुष्कळांचा अपराध एवढाच, की ती रस्ता ओलांडीत होती किंवा कडेने चालत होती. आणि जे मरत नाहीत त्यांचे काय? ज्या वृद्धास एकदा धक्का लागतो तो दुसऱ्या दिवशी देवळात जात नाही. चार महिन्यांनी मित्रांच्या कट्ट्यावर जाणे सोडतो. वर्षभरात त्याचे जग खिडकीएवढे होते. आई मुलाला एकट्याने शाळेत पाठवीत नाही, आणि मूल स्वतःच्या गावात पाहुण्यासारखे वाढते. ही हानी कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही. ती घराघरांत मुकाट्याने सोसली जाते, म्हणून तिची दाद लागत नाही.

कायद्याचे आणि धोरणांचे पाठबळ नाही, असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. रस्त्यांतील अडथळे दूर करणे हे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जे मानदंड घालून दिले, त्यांनुसार पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर रुंदीची अडथळारहित जागा हवी, व्यापारी भागात त्याहूनही अधिक हवी, आणि पदपथाच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सहा इंचांपेक्षा, अधिक असता कामा नये. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले, आणि त्याच वर्षी नागरी रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली. दिव्यांग व्यक्तींना सार्वजनिक स्थळे सुगम असली पाहिजेत असे सांगणारा केंद्राचा कायदाही २०१६ चाच आहे. त्यावर कळस म्हणून १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अडथळ्यांपासून मुक्त असा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. कायदा, मानदंड, धोरण आणि न्यायनिर्णय, चारही हाताशी आहेत. तरीही पावलापुरती जागा मिळत नसेल, तर दोष कागदाचा नसून करणाराच्या इच्छाशक्तीचा आहे, हे उघड आहे.

इच्छाशक्ती जागी झाली म्हणजे काय होते, हेही या शहराने पाहिले आहे. जंगली महाराज रस्ता हा एके काळी खड्डे न पडणाऱ्या डांबरासाठी वाखाणला जाई. त्याच रस्त्यावर २०१६ नंतर रुंद पदपथ झाले, बसण्याची बाके आली, मुलांना खेळण्याची साधने आली, सायकलींसाठी वेगळी वाट निघाली. संध्याकाळी आजोबा बाकावर बसले आहेत आणि नातू शेजारी खेळतो आहे, असे दृश्य भर बाजाराच्या रस्त्यावर दिसू लागले. डांबराच्या गुळगुळीतपणाचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला पदपथाचाही अभिमान वाटू शकतो, हे त्या रस्त्याने दाखवून दिले.

त्यानंतरचे दुसरे पाऊल अधिक धीराचे होते. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळला, आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांस बंद करून चालणाऱ्यांच्या स्वाधीन केला. लोक आले, मुले रस्त्याच्या मधोमध बागडली, आणि ज्यांनी तोवर हा रस्ता केवळ दुकानांच्या पाट्यांपुरता पाहिला होता त्यांना मान वर करून जुन्या इमारतींचे सज्जे पाहण्याची सवड मिळाली. पुढील वर्षांतही हा दिवस साजरा होत राहिला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु वर्षातून एक दिवस उपास करून कोणाची प्रकृती सुधारत नाही. जो हक्क एका दिवसापुरता मिळतो त्यास हक्क म्हणत नाहीत, सण म्हणतात. पादचारी दिनाचा सण पुरे झाला. आता त्याचा नित्यनेम झाला पाहिजे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

यावर व्यापारी बंधूंचा आक्षेप आम्ही जाणतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गिऱ्हाईक दाराशी वाहन लावू शकले नाही तर ते उपनगरातील मोठ्या दालनांकडे वळेल, ही त्यांची भीती आहे. हीच भीती १९६२ च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजधानीतील, कोपनहेगनमधील, व्यापाऱ्यांनी व्यक्त केली होती. तेथील स्ट्रॉयट हा किलोमीटरभर लांबीचा बाजाररस्ता वाहनांस बंद झाला तो प्रथम प्रयोग म्हणून. पुढे तो कायम झाला, आणि आज तो त्या शहराचे वैभव समजला जातो. परदेशाचे उदाहरण नको असेल तर चेन्नईचे पाँडी बाजार पाहावे. तेथे २०१९ मध्ये पदपथ रुंद करून रस्ता चालणाऱ्यांच्या सोयीचा करण्यात आला. लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधावयास येणारे कुटुंब तासन्‌तास एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पायीच हिंडत असते. दुकानदाराचे खरे गिऱ्हाईक चालणारेच आहे. मोटारीत बसलेल्या माणसाने आजवर शालूचा पदर हाताळून पाहिलेला नाही. दुकानासमोर सकाळी लागलेले वाहन संध्याकाळपर्यंत हलत नसेल, तर त्याने किती गिऱ्हाइकांची जागा अडविली याचा हिशेब व्यापाऱ्यांनीच एकदा शांतपणे करावा.

दिल्लीचे उदाहरण मात्र दोन्ही बाजूंनी बोधप्रद आहे. चांदणी चौकाचा लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा भाग नव्याने घडवून २०२१ च्या सप्टेंबरात खुला झाला, आणि सकाळी ९ ते रात्री ९ पर्यंत तेथे यांत्रिक वाहनांस बंदी झाली. प्रारंभी त्याची वाहवा झाली. पुढे मात्र बंदी मोडून शिरणारी वाहने, फुटलेले दगड आणि ढिला पडलेला बंदोबस्त यांच्या तक्रारी येऊ लागल्या. रस्ता बांधणे हे लग्न लावण्यासारखे आहे. समारंभ एका दिवसाचा, संसार रोजचा. पुण्याने दिल्लीकडून घ्यावयाचा धडा हाच, की उद्घाटनाच्या फितीबरोबरच देखभालीच्या तरतुदीवरही सही झाली पाहिजे.

पदपथांचा प्रश्न निघाला की पहिला वार पथारीवाल्यांवर होतो. आम्हांस हा न्याय मान्य नाही. मोगऱ्याचा गजरा विकणारी बाई आणि रुमाल-बांगड्या मांडणारा मनुष्य हे रस्त्याचे शत्रू नाहीत. त्यांच्यामुळे रस्ता जागता राहतो, आणि रात्री उशिरा एकट्या निघालेल्या स्त्रीला त्या जाग्या रस्त्याचाच आधार वाटतो. पथारीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यानुसार त्यांची गणना व्हावी, त्यांना प्रमाणपत्र आणि जागा नेमून द्यावी, आणि जागा ठरविणाऱ्या समितीत निदान ४० टक्के सदस्य त्यांच्यातूनच असावेत. हे प्रामाणिकपणे केले तर चालण्याची जागा आणि विकण्याची जागा यांत रेघ मारता येते. त्या रेघेपलीकडे येणाऱ्यास हटवावे. पण तोच न्याय पदपथावर पायऱ्या काढणाऱ्या आणि छपरे पुढे सरकविणाऱ्या पक्क्या दुकानांनाही लागू करावा. गरिबाची टोपली उचलली जाते आणि श्रीमंताची पायरी कायम राहते, तोवर अतिक्रमणविरोधी मोहिमेस नैतिक बळ लाभणार नाही.

प्रश्नाचे खरे मूळ आहे ते उभ्या वाहनांत. एक मोटार उभी करावयास साधारणपणे १२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३० चौरस फूट जागा लागते. तेवढ्या खोलीत पेठेत एखादे कुटुंब राहते आणि दरमहा भाडे मोजते. मोटार मात्र तेवढीच सार्वजनिक जागा दिवसभर फुकट वापरते. हे त्रैराशिक चौथीतील मुलालाही सुटावे. महापालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये वाहनतळाचे धोरण मांडले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की ते केवळ पाच रस्त्यांपुरते प्रयोग म्हणून उरले, आणि पुढील अनेक वर्षे ते पाच रस्तेही कागदावरच राहिले. फुकट मिळणारी वस्तू काढून घेतली की आरडाओरड होणारच. परंतु ज्याच्यापाशी वाहनच नाही असा मोलकरणीसारखा, हमालासारखा, विद्यार्थ्यासारखा नागरिकही त्या जागेचा तितकाच मालक आहे, आणि त्याच्या वतीने ओरडणारे कोणी नाही, याचा विसर लोकप्रतिनिधींस पडू नये.

आता काळही अनुकूल झाला आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर भुयारी मेट्रोचा स्वारगेटपर्यंतचा भाग सुरू झाला, आणि कसबा पेठ व मंडई येथे स्थानके झाली. उपनगरातून येणारा मनुष्य वाहनाशिवाय थेट पेठेत उतरू शकतो. पण जमिनीखालील स्वच्छ, प्रकाशित स्थानकातून वर आल्यावर पहिल्या शंभर पावलांतच त्याला धक्के खावे लागले, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाकीच काढील. मेट्रोवर झालेला अफाट खर्च सार्थकी लागावयाचा की नाही, हे अखेर त्या शंभर पावलांवर अवलंबून आहे.

पदपथ म्हणजे केवळ फरशी नव्हे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात झाडांची सावली नसेल तर रुंद पदपथही ओस पडतो. दमलेल्यास टेकावयास बाक हवे, तहानेल्यास पाणी हवे, आणि विशेषतः स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह हवे. ते नसते म्हणून कित्येक स्त्रिया बाजारात निघण्यापूर्वी पाणी पिणेच टाळतात. चौकांतील दिव्यांची गोष्टही अशीच. त्यांची वेळ ठरविताना चालण्याचा वेग सेकंदास १.२ मीटर धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत ओलांडला जातो. परंतु सेकंदास ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धास १५ सेकंद लागतात. उरलेल्या ५ सेकंदांत तो रस्त्याच्या मध्यभागी उभा असतो, आणि त्याचे प्राण वाहनचालकाच्या सौजन्यावर टांगलेले असतात. एवढी ५ सेकंदे देण्यास कोणत्या निधीची आवश्यकता आहे?

निधीचा विषय निघालाच आहे, तर एका जुन्या वादाची आठवण करून देणे अस्थानी होणार नाही. १८८६ मध्ये मंडईची भव्य इमारत खुली झाली, पण तिच्यावरील खर्चास नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा अशी त्यांची भूमिका होती. आज त्या मंडईस जोतीरावांचेच नाव आहे. सार्वजनिक पैसा आधी कोणाच्या गरजेवर खर्च व्हावा, हा त्यांचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. एका उड्डाणपुलाच्या खर्चात किती पेठांचे पदपथ नीट होतील, हा हिशेब महापालिकेने अंदाजपत्रकाबरोबर नागरिकांपुढे ठेवावा.

आमच्या सूचना साध्या आहेत. लक्ष्मी रस्त्याचा जो भाग ११ डिसेंबरला मोकळा होतो तो प्रथम प्रत्येक रविवारी मोकळा करावा, आणि वर्षभराच्या अनुभवानंतर बाजाराच्या वेळात दररोज. मालाची ने-आण सकाळी दहापूर्वी व्हावी. रहिवाशांना परवाने द्यावेत. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांची वाट सदैव खुली असावी. वृद्ध व अपंग यांच्यासाठी लहान विजेरी गाड्यांची सोय असावी. पेठांतील वाहनतळाचे शुल्क त्याच पेठांतील पदपथांवर खर्च व्हावे आणि त्याचा जमाखर्च चौकात फलकावर लागावा. प्रत्येक रस्त्यासाठी एक जबाबदार अधिकारी असावा. आणि रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक खात्याने तो पूर्ववत केल्याखेरीज त्याची अनामत परत करू नये.

नागरिकांचे कर्तव्यही तितकेच आहे. ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून पदपथावर दुचाकी चढविणारा गृहस्थ बहुधा आपल्यातीलच असतो. तो दुष्ट नसतो. त्या पाच मिनिटांत कोण खाली उतरले आणि कशासमोर आले, हे त्याला दिसत नाही एवढेच. आपणही दिवसातून केव्हा ना केव्हा चालणारेच असतो. वाहनाचा परवाना वयाच्या अठराव्या वर्षी मिळतो आणि म्हातारपणी सुटतो. पाय मात्र पहिल्या पावलापासून अखेरपर्यंत सोबत असतात. येत्या अंदाजपत्रकात महापालिकेने या पायांसाठी काय तरतूद केली, हे प्रत्येक पुणेकराने आपल्या नगरसेवकास विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.